काळ्या चष्म्याचा माणूस

सभागृहाच्या मंचावर हिरवा पडदा लावलेला असायचा आणि पडद्यामागे एक खुर्ची. सभा सुरू झाली की काजवाली मागच्या दारानं येऊन त्या खुर्चीवर बसायची. पडदा कशासाठी, तर ही कोण हे लोकांना कळू नये म्हणून. आता हिला कोण ओळखत नव्हतं? सभेला येणाऱ्या निम्म्या बायकांच्या पोरांच्या शर्टांना काजं हिनंच केलेली. पडद्याखालून तिच्या चपला दिसायच्या. डाव्या चपलेचा अंगठा तिनं शर्ट शिवायच्या दोऱ्यानं शिवलेला होता आणि तो दोरा अख्ख्या बाजाराला पाठ होता. सभा संपली की एखादी बाई तिला गाठून सरळ विचारायची, की काय गं, आज आवाज बसलाय का तुझा? तरी पुढच्या सभेला पडदा लागायचाच. मंडळाची पद्धत म्हणजे पद्धत.

मंडळ चांगलं होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कामाचं आमिष दाखवून मुली पळवणाऱ्यांना आळा घालायचा आणि त्यातून सुटून आलेल्यांना पदरात घ्यायचं, एवढ्यासाठी गावातल्या बायकांनी ते काढलं होतं. दंडावर पिवळी पट्टी बांधून त्या आळीपाळीनं बस स्थानकावर बसायच्या आणि मुलीला घेऊन चाललेला पुरुष दिसला की त्याला उभा करायच्या. एकदा त्यांनी एका सख्ख्या बापाला लेकीसकट दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं होतं. तो बिचारा पोरीचा दात दाखवायला निघाला होता. बायको येऊन त्याला सोडवून घेऊन गेली तोवर पोरीचा दात दुखायचा थांबला होता. पण याच बायकांनी दोन बहिणींना ट्रकमधून उतरवून घरी पोचवलं होतं, हेही खरं. त्या बहिणींचा बाप आजही मंडळाच्या दारावरून जाताना टोपी काढतो.

मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी बाईंचा आवाज काही सुटला नव्हता. त्यांच्यासमोर मोठमोठ्या बाया हात मागे बांधून उभ्या राहत. काजवाली सुटून आली तेव्हा तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. बाईंनी तिला सभागृहामागची खोली दिली, शिवणवर्गात काज-बटणाचं काम दिलं आणि आजारपणात स्वतःच्या हातानं डबा आणून दिला. काजवाली हे कधी विसरली नाही, आणि बाईंनीही तिला विसरू दिलं नाही.

पहिल्या सभेत काजवालीनं जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं होतं. ती सोळा वर्षांची असताना त्यांच्या घरी एक बाई यायला लागली. गोड बोलायची, आईच्या हाताखाली काम करू लागायची. हिचे केस विंचरायची, दातांत पिना धरून बोलत बोलत घट्ट वेणी घालायची आणि म्हणायची, पोरगी कशी नीट दिसली पाहिजे. मोठ्या शहरात तयार कपड्यांच्या कारखान्यात काम आहे, राहायची सोय आहे, मी स्वतः सोबत नेते. आईनं होकार दिला. थोरल्या भावानं बॅग उचलून बसपर्यंत आणून दिली. बाईनं त्याच्या हातून बॅग घेतली आणि त्यानंतर काजवाली पाच वर्षं कोणाची कोणी नव्हती. त्या पाच वर्षांबद्दल ती कुठेच बोलत नसे, आणि आपणही बोलायचं कारण नाही.

तिनं हे सांगितलं तेव्हा सभागृहात चलबिचल झाली. एक बाई उठून म्हणाली की मग आम्ही पोरी सोडायच्या कोणाच्या भरवशावर? शेजारणीवर संशय घ्यायचा? नणंदेवर? दुसरीची चुलत जाऊ पोरींना कामाला लावून द्यायची, तिला ते आपल्यालाच बोललेलं वाटलं, आणि ती आपली अख्खी रांग घेऊन बाहेर पडली. पुढच्या सभेला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

मग अध्यक्षबाईंनी काजवालीला शांतपणे समजावलं. "परक्याची भीती घातली की लोक ऐकतात. घरच्याची घातली की चिडतात. आपल्याला लोक हवेत ना?" त्यांनी गोष्ट सुधारून दिली. बाई काढून टाकली आणि तिच्या जागी एक पुरुष आणला. परगावचा, गाडीतून आलेला, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं शीतपेय पाजलं आणि हात धरून ओढत नेलं. बाईंनी हे तिच्याकडून घोकून घेतलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं. खुर्च्या पुन्हा भरल्या. आया पदर डोळ्यांना लावायच्या आणि घरी जाऊन पोरींना बजावायच्या, की काळ्या चष्म्याचा कोणी दिसला तर पळत सुटायचं. गावातल्या चष्म्याच्या दुकानदारानं काळे चष्मे मागवायचं बंद केलं, इतका तो माणूस खरा झाला.

काजवालीनं मान का डोलावली? कारण सभेनंतर तिला पहिल्या रांगेतल्या बायांसोबत चहा मिळायचा. कपात, बशीसकट. आणि खरं सांगायचं तर त्या माणसाची गोष्ट सांगणं सोपं होतं. तो तिचा कोणी नव्हता, त्यानं तिची वेणी घातली नव्हती. सांगून सांगून तो तिच्या स्वप्नातही यायला लागला. कधीकधी सकाळी उठल्यावर तिला क्षणभर कळायचं नाही, की आपल्याला नक्की कोणी नेलं होतं.

आता तिच्या भावाचं सांगितलं पाहिजे, कारण तिचा सगळा जीव तिथेच अडकलेला होता.

ती गेल्यावर माणसांच्या बोलण्याला कंटाळून भावानं जुनं गाव सोडलं आणि तो इथे येऊन ट्रकच्या वजनकाट्यावर नोकरीला लागला. आई तोवर वारली होती. ही सुटल्यावर शोधत शोधत त्याच्या दारात आली. त्यानं दार उघडलं, पण दारातून बाजूला काही झाला नाही. त्याच्या बायकोला, सासरच्यांना, कोणालाच त्याला बहीण असल्याचं माहीत नव्हतं. तो हळू आवाजात म्हणाला की गावात राहायचं तर राहा, पण नातं तोंडातून काढायचं नाही, मला मुली आहेत. त्याच्या पायाशी एक छोटी पोर बोटं चोखत उभी होती. काजवालीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि अट मान्य केली.

ती पोर मोठी झाली आणि शिवणवर्गात आली. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. ती शिलाई मशीन असं चालवायची, की कापडाला घाम फुटावा. पण काजाला मात्र धीर लागतो. खडूनं बटणाएवढी खूण करायची, पात्यानं चीर द्यायची आणि चिरलेल्या कडेला एकाला एक लागून टाके घालत जायचं, म्हणजे कापड पुढे उसवत नाही. भिंगरीची काजं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसायची. काजवाली ती उसवून तिला पुन्हा घालायला लावायची, आणि पोरगी कुरकुरत तिच्याच मांडीला टेकून बसायची. "काजताई, तुम्हाला माझाच राग येतो का हो?" असं विचारायची. काजवाली काय सांगणार? तिला एक शब्द ऐकायचा होता आणि तो ऐकायची सोय नव्हती. सुई-दोऱ्याच्या निमित्तानं पोरीच्या बोटांना बोटं लागायची, त्यावर तिनं समाधान मानलं होतं.

भिंगरी सभांनाही यायची. शेवटच्या रांगेत मैत्रिणींबरोबर बसून चष्मेवाल्याची गोष्ट ऐकायची. ती तिला इतकी पाठ झाली होती, की वर्गात कात्री नाकावर उलटी धरून ती चष्मेवाला करून दाखवायची आणि पोरी हसून लोळायच्या. काजवालीही हसायची.

त्या वर्षी वर्गाला नवी मशीनं मिळाली. देणाऱ्या बाई कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या, अंगानं भरलेल्या, केस पांढरे, बोलणं मायेचं. प्रत्येक मशीनवर त्यांच्या नावाची पितळी पट्टी स्क्रूनं बसवलेली होती. पोरी त्यांना मशीनवाल्या मावशी म्हणायला लागल्या. मावशी सभेला पहिल्या रांगेत बसायच्या, चष्मेवाल्याची गोष्ट मान हलवत ऐकायच्या आणि रुमालानं डोळे टिपायच्या. वर्गातल्या दोन मोठ्या बायकांना त्यांनी शहरात काम लावून दिलं. त्या बायकांचे फोन आले, की काम चांगलं आहे, खोली हवेशीर आहे. ते खरंच होतं. अध्यक्षबाईंना तर आकाश ठेंगणं झालं. मुलींना हाताला काम मिळालं तर कोण कशाला फसेल, असं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या.

पडद्यामागे बसणाऱ्या काजवालीला पहिली रांग दिसत नसे, आणि मावशी सभा संपताच चहाला न थांबता निघून जात. वर्गात मावशी आल्या तर ती मागच्या खोलीत शर्टांच्या ढिगात असे. त्यामुळे तिनं त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका दुपारी, वर्गाच्या ओट्यावर. मावशी भिंगरीचे केस विंचरत होत्या. दातांत पिना धरल्या होत्या आणि त्यांच्या फटीतून बोलत होत्या, की पोरगी कशी नीट दिसली पाहिजे.

काजवालीच्या हातातले शर्ट खाली पडले. मावशींनी वर पाहिलं, हसल्या आणि पुन्हा वेणीकडे वळल्या. त्यांनी हिला ओळखलं नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. जिनं आपलं आयुष्य विकून टाकलं तिला आपला चेहरासुद्धा आठवत नाही. इतक्या चेहऱ्यांत हा एक चेहरा तिनं कुठे ठेवायचा?

काजवाली तशीच अध्यक्षबाईंच्या घरी गेली. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की इतक्या वर्षांनी, पांढऱ्या केसांवरून, तुला खात्री आहे? आहे म्हणाली. मग बाई म्हणाल्या, "तू भर सभांतून काय सांगत आलीस? पुरुष. चौकीतल्या साहेबांसमोरही तेच सांगितलंस. आता बाई म्हणालीस तर तुला खोटारडी म्हणतील, आणि मला काय म्हणतील?" काजवाली म्हणाली की तो माणूस तुम्हीच घातलात ना. बाईंनी उठून दार लोटून घेतलं. मग त्यांनी तिला सांगितलं की तुझं मन थकलंय, थोडी विश्रांती घे, आणि हे बाहेर बोलायचं असेल तर मग मंडळाची खोली सोडून बोल. मशीनवाल्या मावशींना दुखावणं मंडळाला परवडणारं नव्हतं.

बाई खोटं बोलत नव्हत्या, हे त्यातलं वाईट. त्यांना खरंच वाटत होतं की हिचं डोकं फिरलंय. परत येताना काजवालीलाही क्षणभर तसंच वाटलं. दातांत पिना काय, कोणीही बाई धरते.

आणि मग कळलं की मावशी भिंगरीला घेऊन चालल्यात. त्याच आठवड्यात. भावाची बायको हरखून गेली होती आणि भिंगरीनं तर मैत्रिणींना आपल्या जुन्या सुया वाटूनही टाकल्या होत्या. काजवालीनं तिला शर्टांच्या ढिगामागे ओढलं आणि म्हणाली की जाऊ नकोस, ही बाई चांगली नाही. भिंगरी हसली. म्हणाली, "ताई, तुम्हीच सांगता ना, गाडीतून येतो, काळा चष्मा असतो. या बसनं जातात आणि यांना चष्माच नाही." मग तिला काजवालीची दया आली असावी. तिनं तिच्या गळ्यात हात टाकला आणि पहिल्या पगारात तुम्हाला चपला आणते असं कबूल केलं.

उरला एकच माणूस. त्या बाईला पाहिलेला, तिच्या हातात बॅग देणारा. त्यानं नुसतं म्हटलं असतं, की हीच ती, तर अध्यक्षबाई काय, चौकीसुद्धा हलली असती.

काजवाली वजनकाट्यावर गेली. तिथे यायचं नाही असं ठरलेलं असताना गेली. भाऊ काचेच्या खोलीत बसला होता, समोर विटांनी भरलेला ट्रक काट्यावर चढत होता. तिनं दारातूनच सांगितलं. "दादा, तीच बाई आहे. पोरीला नेतेय. तू फक्त येऊन बघ." भावाचं पहिलं लक्ष ड्रायव्हरकडे गेलं, त्यानं ऐकलं की काय म्हणून. मग तो म्हणाला की इथे दादा म्हणू नकोस. मग काट्यावरचा आकडा वाचला, ट्रक सोडला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "येतो. बघतो." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती त्या पांढऱ्या चेहऱ्यावर भरवसा ठेवून परत आली. भाऊच तो, बोलेल, असं तिला वाटलं.

बसच्या दिवशी स्थानकावर गर्दी बेताची होती. पिवळ्या पट्टीच्या दोन बायका नेहमीच्या बाकावर बसल्या होत्या, डोळ्यांत तेल घालून पुरुषांकडे बघत. अध्यक्षबाई निरोप द्यायला आल्या होत्या. भिंगरीची आई पोरीला पाणी जपून पी, खिडकीतून हात काढू नकोस, असं सांगत होती. भिंगरीची वेणी सुटली होती आणि मावशी दातांत पिना धरून ती पुन्हा घालत होत्या. भाऊ अजून आला नव्हता.

काजवाली बसच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. म्हणाली की हिला घेऊन जाता येणार नाही. सगळे बघायला लागले. कंडक्टर म्हणाला, बाई, बाजूला व्हा. तेव्हा तिनं सभांमधला तो घोकलेला आवाज बाजूला ठेवला आणि साध्या आवाजात सांगितलं, की पुरुष नव्हताच, मला या बाईनं नेलं होतं, अशीच वेणी घालून नेलं होतं. आणि भिंगरीकडे वळून म्हणाली, "मी तुझी आत्या आहे. तुझ्या बापाची सख्खी बहीण."

भिंगरी अवघडून हसली. तिची आई पुढे आली, की काय वेड्यासारखं बोलताय, यांना कोणी बहीण नाही. मावशींनी तोंडातल्या पिना काढल्या नाहीत, फक्त काजवालीकडे जरा निरखून पाहिलं. आता त्यांना चेहरा आठवला असावा, कारण वेणी घालायचा हात भराभर चालायला लागला.

तेवढ्यात भाऊ आला. अंगावर विटांचा लाल धुरळा, हातात पोरीची बॅग, धावत आल्यासारखा. अध्यक्षबाईंनी त्याला थांबवलं आणि शाळेतल्यासारखं सगळ्यांदेखत विचारलं, "ही म्हणते तुमची बहीण आहे. आहे का?"

भावानं बायकोकडे पाहिलं. धाकट्या दोघी आईच्या मागे उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. पिवळ्या पट्टीवाल्या उठून जवळ आल्या होत्या, कंडक्टर ऐकत होता, बसच्या खिडक्यांतून माणसं ऐकत होती.

"नाही," तो म्हणाला. "काज करून देते, तेवढीच ओळख."

"आणि या मावशींना आधी कुठे पाहिलंय?"

त्यानं मावशींकडे पाहिलं. मावशींनी पिना तोंडातून काढल्या, शेवटची पीन पोरीच्या वेणीत खोचली आणि प्रेमानं विचारलं, "बॅग आणलीत ना मुलीची?" काजवालीला नेलं त्या दिवशीही हेच विचारलं होतं, याच आवाजात. भावानं बॅग दोन्ही हातांनी छातीशी धरली. त्यानं ओळखलं. काजवालीनं ते पाहिलं आणि तिला कळलं की त्यानं ओळखलं.

तो नाही म्हणाला. म्हणजे शब्दांत काही म्हणालाच नाही, नुसती मान हलवली आणि बॅग पुढे केली. मावशींनी ती घेतली.

काजवाली बसच्या दाराला धरून बसली तेव्हा पिवळ्या पट्टीच्या दोन्ही बायकांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. जोर होता त्यांच्या हातांत, सवय होती त्यांना. इतक्या वर्षांत त्या स्थानकावर त्यांनी एखाद्या बाईला धरलं असेल तर ते एवढंच. भिंगरी खिडकीतून वाकून म्हणाली की ताई, रडू नका हो, चपला आणते म्हटलं ना. मग बस निघाली. भाऊ आपल्या रिकाम्या हाताकडे बघत उभा राहिला आणि नंतर कामावर गेला.

फोन आला नाही. दोन दिवसांनी भाऊ रजा टाकून शहरात गेला. दिलेल्या पत्त्यावर टायरचं गोदाम होतं. त्यानं मनात असं ठरवलं होतं म्हणे, की स्थानकावर तमाशा नको, मागाहून जाऊन पोरीला गुपचूप घेऊन येऊ. दोन दिवसांत काय होणार आहे, असं त्याला वाटलं होतं. माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की त्याच्याइतका अडाणी कोणी नाही.

मशीनवाल्या मावशी पुन्हा दिसल्या नाहीत. अध्यक्षबाई आजारी पडल्या. खरोखर पडल्या, अंथरुणाला खिळल्या. लोकांना वाटलं बाई आता मंडळ सोडतील. पण उठल्या त्या आणखी ताठ होऊन. त्यांनी कुलूपवाल्याला बोलावून मशीनांवरच्या पितळी पट्ट्या काढून घेतल्या. स्क्रूची भोकं तेवढी राहिली. काजवालीची माफी त्यांनी मागितली नाही, पण तिच्या खोलीचा विषयही पुन्हा काढला नाही. फक्त सभेचा दिवस आला तेव्हा निरोप पाठवला, की वेळेवर ये.

काजवाली गेली नाही. खोलीत बसून शर्टांची काजं करत राहिली. खोली सभागृहाला लागूनच, त्यामुळे भिंतीपलीकडचं सगळं ऐकू यायचं. ठरल्या वेळी पडद्यामागून आवाज सुरू झाला. मी सोळा वर्षांची होते. एक गाडी आली. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता. तो आवाज अध्यक्षबाईंचा होता. बाई स्वतः पडद्यामागे बसून सांगत होत्या, योग्य जागी थांबत होत्या, योग्य जागी आवाज खाली आणत होत्या. काजवालीपेक्षा कितीतरी चांगलं सांगितलं त्यांनी. पडद्याखालून त्यांचे बूट सगळ्यांना दिसत असणार, पण कोणी चकार शब्द काढला नाही. बाया ढसाढसा रडल्या. त्यांत भिंगरीची आईही होती.

भिंगरी परत आली ती पुढच्या वर्षाच्या उन्हाळ्यात. लांबच्या कुठल्याशा शहरात पोलिसांची धाड पडली आणि बऱ्याच मुलींबरोबर ती सुटली. भाऊ तिला आणायला गेला. घरी नेलं, पण घरात धाकट्या दोघी होत्या, त्यांच्या स्थळांचं बघायचं होतं. सासरच्यांना सांगून झालं होतं की थोरली शहरात नोकरीला असते.

एका सकाळी काजवालीनं दार उघडलं तर दारात भाऊ, त्याच्या हातात तीच बॅग, आणि मागे भिंगरी. ती अगदी स्थिर उभी होती. भाऊ म्हणाला, "हिला ठेवून घे." एवढंच म्हणून त्यानं बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली. नातं तोंडातून काढू नका, हे त्यानं या वेळी म्हटलं नाही, पण त्याची नजर तेच सांगत होती. तो वळला आणि रस्त्याला लागला.

"आत्या," भिंगरी म्हणाली, "आत येऊ का?"

किती वर्षं वाट पाहिली होती काजवालीनं या शब्दाची. तो असा आला. ती दारातून बाजूला झाली.

तिनं पोरीला काही विचारलं नाही. तिला माहीत होतं की विचारायचं नसतं. आंघोळीचं पाणी दिलं, झोपू दिलं. केसांना कोणाला हात लावू देऊ नये असं भिंगरीला वाटत होतं, म्हणून काजवालीनं कात्री दिली आणि पोरीनं ते स्वतःच मानेपर्यंत कापून टाकले. काही दिवसांनी भिंगरी आपण होऊन शर्टांच्या ढिगाशी येऊन बसली. खडूनं खूण करायची, चीर द्यायची, कडेला टाके घालत जायचं. आता तिची काजं सुरेख व्हायला लागली होती. पाय एका जागी ठरायला लागला होता.

अध्यक्षबाई भेटायला आल्या. फळं आणली, डोक्यावरून हात फिरवायला गेल्या, भिंगरी मागे सरकली तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. बाईंचे डोळे भरून आले होते आणि ते नाटक नव्हतं. जाताना मात्र दारात थांबून म्हणाल्या की घाई नाही, पण मन मोकळं केलं की बरं वाटतं, आणि पडदा असतोच, कोणाला कळत नाही. काजवालीनं त्यांच्या तोंडावर दार लावलं. असं तिनं आयुष्यात पहिल्यांदा केलं.

दोघी पुन्हा कामाला बसल्या. बऱ्याच वेळानं, हातातलं कापड खाली न ठेवता भिंगरीनं विचारलं, "आत्या, चष्मा काळाच होता ना त्याचा?"

काजवालीची सुई थांबली. "चष्मा नव्हता. तोही नव्हता. बाई होती ती, दातांत पिना धरायची. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे," भिंगरी म्हणाली. "पडद्यामागे काय सांगायचं, ते विचारतेय."

आणि तिनं दोरा दातांनी तोडला आणि पुढचा शर्ट ओढून घेतला.